घरच्या माणसाला विसरायला होतंय आणि गोळ्या बदलतायत? आधी पिशवी ओता

फोंड्याला आमच्या फार्मसीच्या काउंटरवर मी बरीच वर्षं उभी आहे, आणि हल्ली एक प्रश्न फार येतो. नवरा बाहेर स्कूटरपाशी थांबलेला असतो, बायको आवाज खाली करून विचारते की ह्यांच्या आता लक्षात राहत नाही हो, डॉक्टरांनी ही नवीन गोळी दिलीय, तर बरोबर मेमरीचं एखादं टॉनिक पण चालू करू का, आणि ओमेगा थ्री, आणि भाचीने सांगितलेलं ते ब्राह्मीचं. कधी उलटं असतं, बायको विसरते आणि नवरा विचारतो, तो मात्र मोठ्याने विचारतो. दोघांनाही माझं उत्तर एकच, आधी घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आणा आणि इथे ओता. सगळ्या म्हणजे सगळ्या, फ्रिजवरच्या, देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमधल्या, पर्समधल्या, तुमच्या स्वतःच्या पण.

कारण सांगते. बीपीची गोळी लागू पडली का हे मशीन सांगतं, साखरेची पडली का हे रक्त सांगतं, पण विसरण्यावरच्या गोळीने काय फरक पडला हे सांगायला अशी कुठली टेस्ट नाही, ते रोज बरोबर राहणाऱ्या माणसालाच दिसतं. आता तुम्ही एकाच आठवड्यात नवीन गोळी, टॉनिक आणि झोपेची अर्धी गोळी असं तिन्ही चालू केलंत आणि दहा दिवसांनी माणूस जास्त गोंधळलेला दिसला, किंवा अगदी छान दिसला, तर कशाने झालं हे तुम्हालाच काय, बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजातल्या प्रोफेसरांनाही सांगता येणार नाही. म्हणून एका वेळी एकच बदल. आणि माझं मत विचाराल तर तो पहिला बदल बहुतेक वेळा काहीतरी काढून टाकण्याचा असायला पाहिजे, नवीन घालण्याचा नंतर.

पिशवीत काय काय निघतं ते बघा. मागे एका काकींनी ओतली तेव्हा बीपीच्या एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या स्ट्रिपा निघाल्या, एक सरकारी हॉस्पिटलातून मिळालेली आणि एक बाहेरून घेतलेली, नाव वेगळं, रंग वेगळा, आतला माल तोच, आणि काका दोन्ही खात होते. अंगाला खाज सुटते म्हणून एव्हिल. विटामिन डी ची ६०,००० युनिटची कॅप्सूल, जी आठवड्याला एक घ्यायची ती रोज एक. साखरेची मेटफॉर्मिन, गॅसची पॅन्टोप्राझोल, रक्त पातळ ठेवायची ॲस्पिरिन, झोपेची अल्प्राझोलाम, आणि मुलाने मेमरीसाठी म्हणून दुबईहून पाठवलेली गिंको या वनस्पतीच्या अर्काची भलीमोठी बाटली. वरून विसरण्यावर नवीन लिहून दिलेली डोनेपेझिल ५ एमजी. डॉक्टर काही चुकले नव्हते, त्यांच्यापुढे यातल्या तीनच गोष्टी गेल्या होत्या, कारण हार्टचे डॉक्टर पणजीला, साखर गावच्या डॉक्टरकडे, झोपेची गोळी कुठल्यातरी जुन्या चिठ्ठीवर, आणि विटामिन, टॉनिक ही औषधंच नाहीत असं आपण सगळेच धरून चालतो.

आता एकेक घेऊ. डोनेपेझिल काय करते? मेंदूत आठवणीच्या कामाला लागणारं ॲसिटिलकोलिन नावाचं एक रसायन असतं, अल्झायमरमध्ये ते कमी पडत जातं. शरीरातलं एक एन्झाइम ते तोडत असतं, त्या एन्झाइमला ही गोळी आवर घालते, म्हणजे आहे ते रसायन जरा जास्त वेळ टिकतं. रिव्हास्टिग्मिन आणि गॅलँटामिन ही तिचीच भावंडं. रोग थांबत नाही, मेंदूच्या पेशी परत येत नाहीत, काही जणांना काही महिने जरा सावरून धरलं जातं, काहींना काहीच फरक नाही. हे पहिल्याच दिवशी नीट समजून घेतलं तर नंतर निराशा कमी होते, नाहीतर दुसऱ्या महिन्यात लोक येऊन म्हणतात ह्याचा काय उपयोग नाही, दुसरी स्ट्रॉंग द्या.

आणि एव्हिल? ती, तसंच सर्दीच्या कितीतरी गोळ्या, पोटात कळ मारल्यावर घ्यायची डायसायक्लोमिन, जुनी ॲमिट्रिप्टिलिन, वारंवार लघवी होते म्हणून दिलेली ऑक्सिब्युटिनिन किंवा टोल्टेरोडिन, ही सगळी त्याच ॲसिटिलकोलिनचं काम अडवणारी औषधं. म्हणजे एका बाजूने पंप लावून टाकी भरायची आणि खालचा नळ उघडा ठेवायचा. तरुण माणसाला एव्हिलने फक्त झोप येते, ७५ वर्षांच्या विसरणाऱ्या माणसाला त्याच गोळीने रात्रभर भ्रम होऊ शकतो. खाजेला दुसरं औषध असतं, सर्दीला वाफ असते, विचारा तरी.

यात अजून एक गंमत आहे, गंमत कसली, वैतागच. डोनेपेझिल चालू केल्यावर काही जणांना लघवी आवरत नाही, तो त्या गोळीचा साइड इफेक्ट असू शकतो. घरच्यांना वाटतं वयाने झालं, ते वेगळ्या डॉक्टरकडे जातात, तिथे लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन मिळते, तिने गोंधळ वाढतो, मग वाटतं आजार वाढला, म्हणून डोनेपेझिल ५ वरून १०. एका गोळीच्या त्रासावर दुसरी गोळी, तिच्या त्रासावर तिसरी. जगभरच्या डॉक्टर लोकांना ही साखळी माहीत आहे, पण ती पकडायची तर कुठली गोळी कोणत्या तारखेला सुरू झाली हे कुणीतरी लिहून ठेवलेलं लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे घरातलंच माणूस.

विटामिन डी चं तर मी दर आठवड्याला कुणाला ना कुणाला सांगते. ६०,००० वाली कॅप्सूल किंवा पावडर रोज बरेच आठवडे गेली तर रक्तातलं कॅल्शियम चढतं, आणि चढलेल्या कॅल्शियमने तहान लागते, शौचाला घट्ट होतं, माणूस सुस्त आणि गोंधळलेला दिसतो. घरचे म्हणतात बघा, विसरणं वाढलं. रविवारची कॅप्सूल रविवारीच, कॅलेंडरवर फुली मारून.

मेटफॉर्मिनचं वेगळं. ती बरीच वर्षं घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं, पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोलसारख्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तरी तेच, आणि माणूस शाकाहारी असेल तर आणखीनच. आपल्याकडे हुमणात बांगडा असतो, तारले असतात, त्यातून बी-१२ मिळतं हे खरं, पण पोटातून शोषलंच गेलं नाही तर बांगडा काय करणार. बी-१२ कमी असलं तर लक्षात न राहणं, पायाला मुंग्या, तोल जाणं हे सगळं होतं आणि वेळेत भरून काढलं तर बरंचसं सुधारू पण शकतं. म्हणून विसरायला होतं म्हटल्यावर बी-१२, थायरॉइड, सोडियम, साखर, किडनी एवढ्या साध्या रक्ताच्या तपासण्या आधी. बी-१२ कमी आलं तर इंजेक्शन किंवा गोळ्या जरूर. नॉर्मल असताना उगाच टोचून घेऊन स्मरणशक्ती वाढत नाही. आणि केसांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर लॅबवाल्यांना सांगा, तिच्यामुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो आणि त्या चुकीच्या रिपोर्टवर थायरॉइडचा डोस बदलला की नवीनच भानगड. थायरॉइडची गोळी कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीबरोबर एकत्र नको, मध्ये ४ तास पाहिजेत.

साखरेवरून आठवलं, मेटफॉर्मिन एकटीने सहसा साखर फार खाली नेत नाही, पण ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल आणि काका जेवायचं विसरले, किंवा जेवलो असं सांगून नुसती पेज पिऊन उठले, तर साखर उतरते आणि बडबड, घाम, चिडचिड सुरू होते. ग्लुकोमीटर घरात असेल तर अशा वेळी आधी बोटाला टोचून बघा, डिमेन्शियाला, म्हणजे विसरण्याच्या आजाराला, नंतर दोष द्या.

आता गिंको. अमेरिकेत ७५ आणि त्यावरच्या ३,०६९ लोकांवर मोठा अभ्यास झाला, २००८ साली छापून आला, १२० एमजी दिवसातून दोनदा, कितीतरी वर्षं. डिमेन्शिया काही कमी झाला नाही. वर ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन चालू असेल तर रक्तस्राव वाढायची भीती. मुलगा प्रेमाने पाठवतो, त्याला नाराज करवत नाही हे मला कळतं, पण त्याला सांगा की त्या पैशात चांगला कानाचा मशीन घे, ऐकू नीट आलं तर निम्मे गैरसमज तिथेच मिटतात. ब्राह्मी, अश्वगंधा म्हटलं की लोक म्हणतात ते आपलं, नैसर्गिक. अहो, अफूही नैसर्गिकच. ब्राह्मीने मळमळ, जुलाब होऊ शकतात आणि डोनेपेझिलनेही तेच होतं, मग दोष कुणाला द्यायचा? अश्वगंधाने गुंगी येऊ शकते, थायरॉइडचं गणित हलू शकतं. भस्म असलेली औषधं ओळखीच्या चांगल्या वैद्याशिवाय नकोच, इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांची एक तपासणी २००८ साली छापून आली, तिच्यात साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं, आणि शिसं मेंदूलाच बाधतं. ह्युपरझिन नावाचं सप्लिमेंट ऑनलाइन मिळतं, ते डोनेपेझिलचंच काम करतं, दोन्ही मिळून डबल डोस. खोबरेल तेल चमच्याने प्यायचं खूळ पण येऊन गेलं. जेवणात आहे तेवढं राहू दे.

झोपेची गोळी हा नाजूक विषय. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम, यांनी म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ वाढतो आणि रात्री बाथरूमला जाताना पडायला होतं, आणि हुर्राकच्या, म्हणजे काजूच्या ताज्या दारूच्या, सीझनमध्ये वर एक ग्लास गेला असेल तर विचारायलाच नको. पण हे वाचून आज रात्री बंद करू नका! कित्येक महिने घेतलेली अशी गोळी एकदम तोडली तर झटके येऊ शकतात. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची.

नवीन गोळी सुरू करताना काय बघायचं ते आता. डोनेपेझिल ५ एमजीने सुरू होते, ४ ते ६ आठवड्यांनी सोसली तर १०. मळमळ, जुलाब, भूक न लागणं हे पहिल्या आठवड्यांत जास्त, म्हणून वजन महिन्याला एकदा बघा. रात्री घेतल्यावर भयानक स्वप्नं पडत असतील तर सकाळी घेता येईल का ते डॉक्टरांना विचारा, एवढ्यानेच सुटतं बऱ्याच वेळा. नाडी मंद होऊ शकते, विशेषतः मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉलसारखी बीपीची गोळी सोबत असेल तर, म्हणून चक्कर येऊन पडले तर पाय घसरला म्हणून सोडून देऊ नका, नाडी मोजा आणि डॉक्टरांना दाखवा. एक दिवस विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका, ही गोळी शरीरात बरेच दिवस रेंगाळते, एका दिवसाने काही बिघडत नाही. पण आठवडाभर सुटली असेल तर परत चालू करण्याआधी फोन करा, डोस खालून चढवावा लागू शकतो. चवथीत हे हमखास होतं, घरात पाहुणे, गणपतीवरच्या माटोळीची धांदल, आणि गोळ्यांचा डबा कुणीतरी कपाटात टाकलेला.

रिव्हास्टिग्मिनचा अंगाला चिकटवायचा पॅच असेल तर एकच नियम घोकून ठेवा, जुना काढल्याशिवाय नवीन लावायचा नाही. पाठीवर लावलेला त्यांना दिसत नाही, तुमच्या लक्षात राहत नाही, आणि अंगावर दोन-तीन पॅच राहून जिवावर बेतल्याच्या घटना घडल्यात. जागा रोज बदला, तीच जागा १४ दिवस परत नको, आणि आपल्याकडच्या मे महिन्याच्या घामात आंघोळीनंतर अंग कोरडं करून, पावडर न लावता लावा. मेमँटिन हे वेगळ्या जातीचं औषध, मधल्या आणि पुढच्या टप्प्यात देतात, ५ एमजीने सुरू करून आठवड्याला ५ ने वाढवत २० पर्यंत, किडनी फार कमजोर असेल तर कमी. डोनेपेझिल आणि मेमँटिन एकत्र असलेली गोळी पण मिळते, तेव्हा ती सुरू झाली की जुनी वेगळी डोनेपेझिल उचलून ठेवायची.

वही कशी लिहायची असं विचारतात. फार नको, शाळेची पातळ वही पुरते. तारीख, काय बदललं, आणि खाली ठरावीक गोष्टी: झोप, जेवण, शौच, पडणं, एकच प्रश्न परत परत विचारणं कमी की जास्त, आंघोळ-कपडे स्वतः करतात का. बदलाच्या आधीचा आठवडाही लिहा, नाहीतर तुलना कशाशी करणार. ‘बरं नाही’ एवढं लिहून उपयोग नाही, ‘संध्याकाळी चारदा विचारलं की बस कितीला आहे’ असं लिहा, डॉक्टरांना यातून कळतं.

आणि एक फरक ओळखायला शिका. डिमेन्शिया महिन्या-महिन्याने सरकतो. काल बरा असलेला माणूस आज अचानक भलतंच बोलतोय, झोपाळलाय किंवा भिंतीवर काहीतरी दिसतंय म्हणतोय, तर ते बहुतेक दुसरंच काहीतरी: लघवीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, शौच तुंबणं, सोडियम उतरणं (लघवीवाटे पाणी काढायची बीपीची गोळी आणि एप्रिलचं ऊन, दोन्ही मिळून), किंवा मागच्या दोन-तीन दिवसांत सुरू झालेली गोळी. त्याच दिवशी दाखवा, तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही असं असेल तर थेट १०८. अशा माणसाला शांत करायला हॅलोपेरिडॉल वगैरे दिलं जातं तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा, हा लेवी बॉडी नावाचा डिमेन्शियाचा प्रकार तर नाही ना? ज्यांना आधीपासून भास होतात, चाल आखडलीय, झोपेत हातपाय मारतात, त्यांना ही औषधं फार वाईट बाधू शकतात. तशीही डिमेन्शियाच्या म्हाताऱ्या माणसांत या गटाच्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने या गटातल्या नव्या औषधांसाठी २००५ मध्ये आणि हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्यांसाठी २००८ मध्ये दिलाय. कधी कधी द्यावीच लागतात, पण थोडीशी, थोडे दिवस, आणि कधी बंद करायची ते विचारून.

हे सगळं करताना समोरचं माणूस म्हणजे तुमचा संसार आहे, पेशंट नंतर. गोळी घेतली का, असं विचारलं की उत्तर हो असंच येणार, खोटं म्हणून नव्हे, त्यांना खरंच घेतल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा चहा नाहीतर पाणी घेऊन शेजारी बसा, गोळी तळहातावर ठेवा, आपली पण घ्या. तुझी आणि माझी असे दोन रंगांचे सात खणांचे डबे ठेवा, कारण नवऱ्याची गोळी बायकोने खाल्ली असं मी जितक्यांदा ऐकलंय तितकं तुम्हाला खरं वाटणार नाही. नको म्हणाले तर अर्ध्या तासाने परत, भांडण नको. आमटीत कुस्करून चोरून देण्याचा मोह होतो, पण काही गोळ्या कुस्करायच्या नसतातच, हळूहळू सुटायला बनवलेल्या असतात, आणि एकदा जेवणावरचा विश्वास उडाला की जेवणच बंद होतं. गिळायला त्रास असेल तर डॉक्टरांना सांगा, तोंडात विरघळणारी किंवा पॅच निघतो का बघतील. आणि अजून समजतंय तोवर त्यांनाच विचारा, ही गोळी घेऊया का, त्रास झाला तर किती सोसायचा. तो त्यांचा हक्क आहे, पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपने ठरवण्याची गोष्ट नव्हे.

दाखवायचं कुठे, तर गोवा मेडिकल कॉलेज (जीएमसी) आणि मानसोपचाराचं सरकारी हॉस्पिटल आयपीएचबी, दोन्ही बांबोळीलाच. आणि औषधाशिवायच्या मदतीचंही महत्त्व इथल्याच एका कामातून दिसलंय: संगाथ या आपल्या गोव्यातल्या संस्थेने तिसवाडी आणि बार्देशातल्या ८१ कुटुंबांबरोबर केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं घरी जाऊन आजार समजावत होती, वागण्याच्या अडचणींवर मार्ग सांगत होती, लागलं तर डॉक्टरांशी गाठ घालून देत होती. सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण त्याने कमी झाला. सांभाळणाराच ढासळला तर गोळ्यांचं वेळापत्रक आधी कोसळतं. बोलावंसं वाटलं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे.

शेवटी लोक विचारतात, ही गोळी किती दिवस? ठरलेलं उत्तर नाही. नाडी फार मंदावली, वजन उतरतच गेलं किंवा काही महिन्यांनी वहीत काहीच फरक दिसला नाही तर बंद करण्याचा विषय निघतो. २०१२ साली आलेल्या इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या एका अभ्यासात मध्यम ते तीव्र आजारातही डोनेपेझिल चालू ठेवणाऱ्यांची स्थिती बंद करणाऱ्यांपेक्षा थोडी बरी राहिली, म्हणून आजार वाढला एवढ्याच कारणावरून आपल्या मनाने तोडू नका. डॉक्टर बंद करा म्हणाले तर सहसा १० वरून ५ करतात, काही आठवडे थांबतात, मग बंद. त्या काळात दुसरं काहीही बदलायचं नाही, टॉनिक नाही, झोपेची गोळी नाही, आणि वही रोज लिहायची. जेवण, आंघोळ, माणसं ओळखणं यात एकदम घसरण दिसली तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच आठवड्यात कळवा. लवकर कळलं तर गोळी परत चालू करता येते, आणि तेव्हा ती पुन्हा ५ पासूनच.